माळकरणीची गाडी

आमच्या गाडीत उन्हाळ्यात उभं राहणं म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं पत्र्याच्या ट्रंकेत बसावं आणि खाली चूल पेटवावी. हे मी नवऱ्याला एकदा म्हटलं, तर तो म्हणाला, "ट्रंकेत निदान गिऱ्हाईक तरी येत न्हाई." तेव्हा आम्ही अजून हसत होतो.

गाडी म्हणजे जुना टेम्पो. नवरा आधी दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. कंबर गेली, लांबचं ड्रायव्हिंग बंद झालं, म्हणून आम्ही हा टेम्पो घेतला. त्याची एक बाजू कापून फळी बसवली, आत दोन शेगड्या ठेवल्या आणि मासवडी विकायला लागलो. बाहेरच्यांना नावावरून वाटतं की यात मासळी असते. मासळी नसते. मसाल्याच्या पाण्यात बेसन शिजवून घट्ट करायचं, ओल्या फडक्यावर गरम असतानाच हातानं थापायचं, वर तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण पसरायचं आणि फडकं उचलून त्याची गुंडाळी करायची. हात भाजतात. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. आमच्या जुन्नर-आंबेगावकडं पाहुणा आला की हाच बेत, आणि यात्रेला बाकीची पंगत मटणावर बसली की माळकऱ्यांच्या ताटात हीच मासवडी.

मी माळकरीच. शाळेत होते तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला महाराजांपुढं बसवून गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली. लग्न ठरताना त्यांनी मुलाकडच्यांना एकच अट घातली, माझ्या लेकीला कुणी मांस-मच्छी खायला लावायची नाही. सासर खाणारं होतं, पण शब्द पाळला. यात्रेच्या दिवशी मी अंगणात वेगळी चूल मांडायचे आणि सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या सुनंला देवानं मटणातनं सूट दिलीया." त्यात राग नव्हता.

म्हणून गाडीच्या फळीवर नवऱ्यानं मोठ्या अक्षरात 'शुद्ध शाकाहारी' असं रंगवून घेतलं आणि आळेफाट्यावर लोक आम्हाला 'माळकरणीची गाडी' म्हणायला लागले. मला ते नाव आवडायचं. खरं सांगायचं तर मी त्या नावानं फुगले होते.

आठवड्यातून एकदा आम्ही लोणीच्या बाजाराला जायचो. लोणी माझं माहेर. आण्णा बाहेरचं काही खात नाहीत. ज्या हॉटेलात मटण शिजतं तिथं पाणीसुद्धा पीत नाहीत, तहानेनं जीव गेला तरी. कुठं जायचं झालं तर घरून भाकरी आणि बाटली घेऊन निघतात. पण माझ्या गाडीवर बाजाराच्या दिवशी हमखास यायचे. टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, बाकावर मांडी घालून जेवायचे आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला उगाचच सांगायचे, "लेकीच्या हातचं हाय." त्यासाठी मी तो पत्रा, ती वाफ, सगळं सोसायला तयार होते. माझी सगळी कमाई म्हणजे ते एक वाक्य होतं, असं मला आजही वाटतं.

पण हवेनं आमचं काही चालू दिलं नाही. मे संपत आला की आमच्याकडं ढग येतात आणि पाऊस येत नाही. हवा कोंडून राहते. अंगाला घाम येतो तो सुकतच नाही, पदरानं पुसायचा तर पदरच ओला. सकाळी थापलेली मासवडी दुपारी चिकट व्हायची, सारणातला कांदा आंबायचा. बाजरीचं पीठ कडू व्हायला लागलं. थोडं थोडं करत गेले तर गिऱ्हाईक खोळंबायचं, एकदम केलं तर फेकावं लागायचं. आणि एवढ्या उकाड्यात शेगडीजवळच्या बाकावर बसून रस्सा-भाकरी खाणारं माणूस तरी कुठून येणार? एका पावसाळ्यात आम्ही वर घाटमाथ्यावर आहुप्याला गेलो, पर्यटक येतात म्हणून. तिथं आणखी वेगळी तऱ्हा. धुक्यात काडी पेटेना, बेसनाचे खडे झाले, फडकी वाळेनात, आणि येणारे जाणारे गाडीतूनच विचारायचे, "मक्याचं कणीस आहे का?" आम्ही परत फाट्यावर आलो.

फाट्यावर जो येईल तो एकच विचारायचा, "चिकन न्हाई का, भाऊ?" नवरा नाही म्हणायचा आणि माझ्याकडं बघायचा नाही. ते न बघणंच मला सोसवेना. तो बोलला असता तर मी भांडले असते. मला भांडायला बरं येतं. पण तो गाडी विकायचं बोलायला लागला, हळू आवाजात. शेवटी मीच म्हटलं, "करू चिकन. फाट्यावरच. लोणीला न्यायचं न्हाई."

'शुद्ध शाकाहारी' वर रंग मारला. चिकनला वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा डाव. आण्णांपासून लपवायचं नव्हतं, म्हणून बाजाराला गेल्यावर पहिल्यांदा तेच सांगितलं. ते बराच वेळ टोपी चाचपत बसले.

"भांडी येगळी?"

"समदी येगळी, आण्णा. आन् लोणीला कवाच आणणार न्हाई."

"तू चव बघतीस का?"

"न्हाई. हे बघत्यात."

"मग बास," ते म्हणाले. "माळ हाय तवर तुझ्या हातचं खाईन."

आणि जेवले. मला वाटलं, निभावलं.

चव नवरा बघायचा. आता नवऱ्याच्या जिभेबद्दल काय सांगू? तंबाखूचा बार भरून भरून ती जीभ कधीच मेली होती. त्याला सगळंच अळणी लागायचं. तो म्हणायचा, "मीठ टाक जरा," मी टाकायचे, आणि गिऱ्हाईक पहिल्या घासाला पाणी मागायचं. मग मी माझ्या अंदाजानं घालायला लागले. डोळ्यांनी रंग बघायचा, नाकानं वास घ्यायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. मासवडीच्या रश्शाची चव मी शंभरदा बघायचे. या रश्शापुढं मी आंधळीच होते.

एके दिवशी एका बैलगाड्याच्या मालकानं सकाळीच फोन केला. शर्यत उरकून परतताना त्यांची सगळी माणसं दुपारी आमच्याकडं जेवणार होती. एवढी मोठी पंगत गाडीवर कधी आलीच नव्हती. नवरा शीळ घालत कांदा चिरत होता. किती महिन्यांनी त्याची शीळ ऐकली. मी मोठं पातेलं भरून रस्सा केला आणि झाकून ठेवला.

शर्यत लांबली. दुपार झाली, दुपार कलली. आभाळ भरलेलं, पान हलत नव्हतं, आतला पत्रा हात लावू देत नव्हता. फोन आला, "निघालोय, ताट वाढा." मी झाकण काढलं, रश्शाला कढ आणला, आणि कडेनं फेस आला. वास मला जरा आंबूस वाटला. मी नवऱ्याला बोलावलं. त्यानं डाव तोंडाला लावला. "चांगला हाय."

"नीट बघा."

"अगं चांगला हाय म्हणतोय ना."

खारट रश्शालाही तो चांगलाच म्हणाला होता. आणि येणाऱ्या माणसांत बायका-पोरं होती. कुणाला काही झालं तर? मी इकडंतिकडं बघितलं. ज्या शेटजींच्या दुकानाच्या सावलीत आम्ही गाडी लावायचो, ते मूळचे राजस्थानकडचे जैन, बोलणं मात्र अस्सल आमच्यासारखं. त्यांना काय विचारणार, ते कांदासुद्धा खात नाहीत. पलीकडचा रसवंतीवाला माळकरी. आलेल्या गिऱ्हाइकालाच विचारावं, बाबा हा रस्सा नासलाय का बघ, तर मग जेवतो कोण? एवढ्या गजबजलेल्या फाट्यावर मला एक जीभ मिळेना. नुसत्या संशयावर पातेलं ओतून द्यावं, तर नवऱ्याची ती शीळही त्याच्यासोबत जाणार होती.

मी हात धुतले. माळ काढली, धुतलेल्या फडक्यात गुंडाळली आणि तिळाच्या डब्यात ठेवली. माळ गळ्यात ठेवून मला ते करायचं नव्हतं. मग रश्शाचा थेंब तळहातावर घेतला आणि चाटला.

आणि मला काहीच कळलं नाही.

आंबट लागलं. पण त्यात टोमॅटो होता, तो आंबट लागणारच. काहीतरी जड, ओशट लागलं. पण ते नासल्याचं की कोंबडीचं? चांगलं चिकन कसं लागतं हेच मला ठाऊक नव्हतं. ज्या जिभेनं आयुष्यात कधी ते खाल्लं नाही, ती जीभ बरं-वाईट काय सांगणार? एवढी साधी गोष्ट माळ काढण्याआधी माझ्या डोक्यात आली नाही. मी पुन्हा एक थेंब घेतला. मग मी गाडीमागं जाऊन भडाभडा ओकले.

नेमकी तेव्हाच ती मंडळी उतरत होती. गुलालानं माखलेली, आनंदात. पुढच्यानं मला बघितलं आणि मागं वळून म्हणाला, "चला राव, पुढं बघू. हितं करणारीच ओकतीया." कुणी हसलं. दारं आपटली. गाड्या गेल्या.

 नवऱ्यानं पातेलं उचललं आणि दुकानामागच्या चरात ओतलं. फाट्यावरचं एक कुत्रं आलं, त्यानं सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि ते शेटजींच्या पायरीवर पसरून झोपलं. मी गाडी बंद होईपर्यंत त्याच्याकडं बघत होते. त्याला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर होतं, शेपटी हलवत.

"मी म्हणत व्हतो," नवरा एवढंच म्हणाला.

घरी येऊन डबा उघडला. माळेला तीळ चिकटले होते. ते पुसले, पण माळ गळ्यात घालता आली नाही. ती काही मंगळसूत्रासारखी अंघोळीला काढून परत घालायची वस्तू नाही. परत महाराजांपुढं बसायचं, परत तोच शब्द द्यायचा. आणि उद्या पुन्हा ढग आले, पुन्हा कडेनं फेस आला तर? नवऱ्याची जीभ काही जिवंत होणार नव्हती. पाळता येणार नाही असा शब्द मला द्यायचा नव्हता. मी माळ तशीच ठेवली आणि रोज चव बघायला लागले. आता ओकारी येत नाही. आता मला कळतं, चांगलं कुठलं आणि उतरलेलं कुठलं. विक्री म्हणाल तर जेमतेम. गाडी विकायचं बोलणं हळू आवाजात चालूच आहे.

माळ काढल्यानंतरचा पहिला लोणीचा बाजार आला. पदर गळ्याभोवती घेतला असता तर आण्णांना दिसलं नसतं. घेतला नाही. त्यांच्यासाठी सगळ्यात आधी मासवडी थापली, वेगळ्या पातेल्यातला रस्सा, गरम भाकरी. ते आले, टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि वर बघितलं.

"कवा?"

"गेल्या आठवड्यात."

"कुणी काढाय लावली?" हे विचारताना ते जावयाकडं बघत होते.

"कुणी न्हाई, आण्णा. माझी मी काढली."

मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडायला हवं होतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि ताट हळूच बाजूला सरकवलं. "आज पोट भरलंय," म्हणाले.

"पाणी तरी घ्या."

मी तांब्या पुढं केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, माझ्याकडं बघितलं आणि प्यायले. मला एवढं बरं वाटलं की मी भांडी घासायच्या निमित्तानं पाठ फिरवली. ते ताट संध्याकाळपर्यंत फळीवर तसंच होतं. उकाड्यानं मासवडी आंबली, मग टाकून दिली.

पुढच्या बाजाराला आण्णा आले आणि नेहमीच्या जागी बसले. शेजारच्या माणसाला काही सांगितलं नाही. पिशवीतून फडकं काढलं, त्यातली भाकरी आणि मिरची बाहेर घेतली आणि सावकाश जेवले. मी तांब्या भरून घेऊन गेले.

"असू दे पोरी," ते म्हणाले, आणि पिशवीतून घरून भरून आणलेली पाण्याची बाटली काढली.