वेबसाइटवरचं पहिलं नाव
परवा कपाशीच्या बियाण्याचं पाकीट फोडलं आणि त्यावरच्या औषधाच्या उग्र वासानं मला धाड गावातला माझ्या कॉम्प्युटर क्लासचा पत्र्याचा गाळा आठवला. तिथं मी आमच्या शेतकरी महिला गटाची साधी वेबसाइट बनवली होती. तिच्यावर गटाची माहिती होती आणि अळी लागणार नाही म्हणून विकलेल्या बीटी कपाशीच्या, अळीनं पोखरलेल्या बोंडांचे फोटो, शेजारी बियाण्याचं पाकीट. दुसऱ्याच दिवशी, पत्रा तापलेला असताना, ते बियाणं विकणारा दुकानदार आत आला. गाळाही त्याचाच होता, दुकानाला लागून; तिथं कायम बियाण्याच्या औषधाचा वास यायचा. "ते फोटो काढा, नाहीतर गाळा खाली करा," तो म्हणाला. गटाची अध्यक्ष शेजारीच बसली होती. तिची चार एकर कपाशी त्या वर्षी हातची गेली होती. ती शांतपणे म्हणाली, "काऊन काढू भाऊ? अळी खोटी हाय का?" मग माझ्याकडे वळली. "पोरी, त्या बोंडांच्या फोटोखाली माहं नाव लिव्ह. माहा फोटो बी टाक. थांब, पदर नीट करू दे." त्याच्या देखत मी तिचा फोटो काढला आणि नाव टाइप केलं. आठवड्याभरात गटातल्या सगळ्या बायांनी आपापली नावं टाकून घेतली, आणि तालुक्याहून कृषी अधिकारी बोंडं तपासायला आले. माझा गाळा मात्र गेला. बायांनीच कॉम्प्युटर उचलून गावातल्या बुद्धविहाराच्या खोलीत मांडून दिला. ती वेबसाइट केव्हाच बंद पडली. लोक मला धीट म्हणतात, पण त्या दुपारी मी खूप घाबरले होते. घाबरतच तिचं नाव टाइप केलं, आणि ते काढलं नाही.