अंगठ्याचा कार्बन

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आणि त्याला मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी आधीच सांगून टाकते — म्हणजे तुम्हीच काय ते ओळखा.

वाघोलीजवळच्या पाइपांच्या कारखान्यात मी तपासनीस आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या हातात लेझरची गन आली. स्टेनलेसच्या पाइपावर टेकवायची, खटका दाबायचा — टक् — की पडद्यावर कार्बन किती ते हजर! पूर्वी तुकडा कापून लॅबला पाठवायचा नि दोन दिवस माशा मारत बसायचं. मी इतकी खूश, की पहिल्या आठवड्यात कारखान्याचं फाटकसुद्धा तपासलं. हसताय ना? हसा, मीही हसते.

गन लावण्याआधी पाइपावरची जागा घासून चकचकीत करावी लागते. ते काम तात्यांचं. तीस वर्षं ग्राइंडर चालवलेला माणूस, निवृत्त झाल्यावर गावात ग्रिलचं दुकान टाकणार होते. पण गन आली आणि त्यांनी घासलेले पाइप नापास व्हायला लागले. कार्बन हवा त्यापेक्षा जास्त! साहेब म्हणाले, तात्या साध्या लोखंडावरची चकती स्टेनलेसला लावतात, तिचीच घाण चिकटते. मीही मान डोलावली. दिवाळीच्या तोंडावर तात्यांना ग्राइंडरवरून उठवून फाटकावर बसवलं.

त्याच दिवाळीत चकल्या तळताना माझा अंगठा भाजला. पट्टी बांधून कामावर गेले — आणि पाइप धडाधड पास. साहेब नव्या माणसाच्या हाताचं कौतुक करत राहिले. मी मात्र अंगठ्यावरच्या पट्टीकडे बघितलं. घासलेल्या जागेवरची धूळ मी रोज कशाने पुसायची? अंगठ्याने. रोज सकाळी खोबरेल चोपडून वेणी घालणाऱ्या अंगठ्याने! तेलात कार्बन नसेल तर कशात असेल? नाचता येईना, अंगण वाकडं — आणि अंगण कोण, तर तात्या.

सांगितलं का मी? छे. दुसऱ्या दिवसापासून स्वच्छ फडकं वापरायला लागले, बस्स.

गेल्या महिन्यात तात्यांचा निरोप समारंभ झाला. फार छान झाला हो — जिलबी, मठ्ठा, त्यांच्या नातीचा नाच. मग तात्या बोलायला उठले, माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, “हात गेला हाय माझा. मला कळलंच न्हाई, मॅडमच्या मशीननं दाखवलं. दुकानाचा नाद सोडला, बरं झालं.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आणि रांगेत उभी राहून पुन्हा जिलबी घेतली.