पणजोबांचं मोठं फिडेल

तंजावुरात ज्याच्या त्याच्या पणजोबांनी राजवाड्यात काहीतरी केलेलं असतं. कुणाचे महाराजांच्या उजव्या हाताला बसत, कुणाचे डाव्या. सगळ्यांचं खरं मानलं तर महाराजांना हात हलवायला जागा उरली नसती. वरुणरावांचे पणजोबा मात्र कुठेच बसत नसत. ते उभे राहत. राजवाड्याच्या इंग्रजी बँडात माणसापेक्षा उंच फिडेल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचं तर उभंच राहावं लागतं, असं वरुणराव सांगत, आणि ऐकणारा "हो का" म्हणून कॉफीचा पेला खाली ठेवी.

त्या "हो का"नं वरुणरावांचा जीव पोखरला होता. पाटबंधारे खात्यात ते सुपरिंटेंडेंट होते. कावेरीचं पाणी कुठल्या कालव्यात कधी सोडायचं, याच्या फायली त्यांच्या टेबलावरून जात. पण गावातल्या मराठी मंडळींत बसले की दाखवायला त्यांच्यापाशी काही नसे. शेजारच्या रघुरामाकडे तलवार होती. ती कुंभकोणच्या एका बुडालेल्या नाटक कंपनीची, हे सगळ्यांना ठाऊक होतं; पण तलवार होती, म्यानातून निघत होती. वरुणरावांकडे नुसती गोष्ट.

आणि पंच्याण्णव साली पुण्याहून इतिहासप्रेमींचं एक मंडळ यायचं ठरलं. परदेशी शीतपेयं, केबल टीव्ही आणि आपली पाळंमुळं शोधणारी माणसं, सगळी त्या काळात एकदमच गावात शिरली. मंडळाच्या प्रमुख नंदिताताई फोनवर इतकं स्वच्छ मराठी बोलल्या की वरुणरावांना त्यातलं अर्धंच कळलं. कळलं ते एवढं: मंडळींना जुन्या घराण्यांतल्या जुन्या वस्तू बघायच्या आहेत, आणि शनिवारची संध्याकाळची आरती वरुणरावांच्या घरी होणार.

त्याच आठवड्यात गोऱ्यांच्या वेळचा क्लब पाडायला काढला. तिथे लग्नाचा हॉल होणार होता. रखवालदार कृष्णस्वामी आतलं सामान विकत होता. वेताच्या खुर्च्या गेल्या, बिलियर्डचं टेबल गेलं, आणि जिन्याखाली एक भलंमोठं व्हायोलिन उरलं. हे कानावर येताच वरुणराव रजेचा अर्ज न देता मोपेडवर बसले. अख्ख्या नोकरीत असं त्यांनी पहिल्यांदाच केलं.

वाद्य होतं डबल बास, बँडाला खालून खर्ज देणारं. मान मोडलेली, सुतळीनं बांधलेली. पाठीला उभी चीर. एका कडेला वाळवी, आणि पोटात उंदरांची दोन-तीन बाळंतपणं होऊन गेलेली. चारांतल्या दोन तारा शिल्लक. "राजवाड्यातनंच आलं असणार," कृष्णस्वामी तमिळमध्ये म्हणाला. खरं तर वरुणरावांनी त्याला काही विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाचा चेहरा बघून तो ते विलायतेच्या राणीचंही म्हणाला असता. वरुणरावांचे डोळे मात्र भरून आले.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन गेले. वेंकूबाईंनी नाकाला पदर लावून वाद्याभोवती एक फेरी घातली.

"हे उभं ठेवायचं की निजवायचं?"

"उभं."

"मग फ्रिज निजवायचं का?"

"पणजोबांचं अहे हे, वेंकू."

"पणजोबांनीं येऊन सांगितलं का तुम्हांस?"

"पाहुण्यांस काय दाखवूं मग मी? तूंच सांग."

"तुळजारामकाकांस दाखवा," वेंकूबाई म्हणाल्या. "तेही जुनेच अहेत. वाळवीही लागली नाहीं."

वरुणरावांनी हे थट्टेवारी नेलं. वेंकूबाईंनीही ते थट्टेनंच म्हटलं होतं.

तुळजारामकाका म्हणजे वरुणरावांच्या वडिलांचे धाकटे भाऊ. ऐंशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, दिवसभर तिण्णैवर, म्हणजे घराच्या रस्त्याकडच्या ओट्यावर, बसलेले. त्यांचा कुणाला काही त्रास नव्हता. त्रास फक्त आरतीला. घर आरती म्हणायला लागलं की काका शब्द म्हणत नसत. ते घशाच्या तळातून "दूम" म्हणत. दूम, मग आणखी खाली दूम, मग वर, मग खाली. आरती संपेपर्यंत हेच. वरुणरावांचे वडीलही हेच करत, आजोबाही करत. या घरातल्या पुरुषांनी आरतीला असंच म्हणायचं, बीजमंत्र आहे तो, अशी समजूत होती. असा मंत्र कुठल्याच शास्त्रात नाही, असं गुरुजींनी दोनदा बजावलं होतं. वेंकूबाईंच्या माहेरची माणसं त्याला पंपसेट म्हणत. वरुणरावांनी ते कॉलेजात गेल्यावर सोडलं. गेल्या गणेशचतुर्थीला त्यांच्या साहेबांची बायको आरतीत खुदकन हसली, तेव्हा रात्री ते काकांना म्हणाले, "काका, म्हणायचं तर शब्द म्हणा. नाहींतर गप्प बसा." तेव्हापासून काका तोंडाशी पंचा धरून हळूच दूम म्हणत.

मंडळ येणार म्हटल्यावर तर तेही चालणार नव्हतं. बुधवारी वरुणरावांनी काकांना पापनाशमच्या बसमध्ये बसवून दिलं, तिथे काकांची बहीण हिराबाई राहत होती. "हिराबाईस तुमची फार आठवण येते," असं त्यांनी काकांना सांगितलं. काकांनी विचारलं एवढंच, की पाहुणे कधीं जाणार.

शुक्रवारी वरुणराव वीणा घडवणाऱ्या सांबशिवाला घेऊन क्लबात गेले. दुरुस्त होईल असं त्यानं म्हटलं की सौदा पक्का करायचा होता. दुरुस्ती होईपर्यंत मंडळ परत जाणार होतं, पण वाद्य मोडकं असलं तरी दाखवता येणार होतं. उलट मोडकं जास्तच जुनं दिसलं असतं. सांबशिवानं जन्मभर वीणाच केल्या होत्या, त्यामुळे त्याचा आत्मविश्वास अफाट होता. मान फणसाच्या लाकडाची करू, तो म्हणाला. टोकाला वीणेला असतं तसं याली नावाच्या काल्पनिक प्राण्याचं तोंड, सुळे आणि आयाळ असलेलं. कडेनं सोन्याचा वर्ख. पोटावर जागा पुष्कळ आहे, तिथे गजलक्ष्मी बसेल. वरुणरावांनी सगळ्याला मान डोलावली. एवढं सगळं झाल्यावर त्यात पणजोबा कुठे उरणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

"आवाज तर बघूं," म्हणून सांबशिवानं ते धूड भिंतीला टेकवलं, खुंट्या पिळल्या आणि उरलेल्या दोन तारा आपल्या सवयीनं सा आणि खालचा प अशा लावल्या. मग बोटानं छेडल्या.

दूम. आणि खाली, दूम.

वरुणरावांनी सांबशिवाला बाजूला सारलं आणि स्वतः तार ओढली. वर, खाली, वर, खाली. हात आपोआप चालत होता. चाल त्यांना शिकावी लागली नाही. लहानपणापासून ती त्यांच्या कानात होती. हे तर काका.

मग सगळं एकदम उलगडलं. एवढं मोठं वाद्य, तेही सरकारी. पणजोबा ते घरी आणणार कसे? वाद्य राजवाड्यातच राहत असणार. घरी आरती सुरू झाली की बँडातला तो माणूस आपलं काम तोंडानं करत असणार, कारण दुसरं काही त्याला येतच नव्हतं. बाकीचे सूर वाजवणार, आपण खालून दूम द्यायचं. मुलांना वाटलं, हाच घरचा आचार. अशा तीन पिढ्या दूम म्हणत गेल्या. पणजोबांची गोष्ट खरी होती. तिचा पुरावा ओट्यावर बसून दहीभात खात होता, आणि त्याला आपण पिशवी देऊन बसमध्ये बसवलं. वरुणरावांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मज नकों हे," ते म्हणाले.

सांबशिवाला वाईट वाटलं नाही. त्रिची रोडवरच्या नव्या हॉटेलला जुन्या वस्तू हव्याच होत्या. आज ते वाद्य तिथे दारात उभं आहे, याली लावून, खाली 'राजवाड्यातील वाद्य' अशी पाटी घेऊन. रघुराम पाहुण्यांना ते मुद्दाम दाखवायला नेतो.

वरुणराव थेट पापनाशमला गेले. काका हिराबाईच्या ओट्यावर बसून काहीतरी पुटपुटत होते.

"काका, घरीं चला."

"पाहुणे गेले?"

"उद्यां येणार."

"मग मी कशास?"

"तुम्ही दूम म्हणायचं. मोठ्यानं."

काकांचा विश्वास बसला नसावा. "सरी, बरं," म्हणून ते पिशवी घ्यायला आत गेले.

शनिवारी मंडळ आलं. रघुराम न बोलावता आला, तलवारीसकट. वरुणरावांनी पणजोबांची गोष्ट सांगितली. नंदिताताई म्हणाल्या, "हो का."

"आतां ऐका," वरुणराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या शब्दांचं काही वाटलं नाही. त्यांनी घंटा उचलली. वेंकूबाईंनी कापूर लावला. आरती सुरू झाली.

आणि काकांनी शब्द म्हटले.

सगळे शब्द, स्पष्ट, एकही न चुकता, हात जोडून. हिराबाईकडे बसून त्यांनी ते पाठ केले होते, पुन्हा कधी पुतण्याची मान खाली जायला नको म्हणून. मोठ्यानं दूम म्हणा म्हणतो तो, पण रागानं म्हणत असेल, असं त्यांना वाटलं होतं. "आजोबांचं पाठांतर किती छान," नंदिताताई शेजारणीला म्हणाल्या. काकांनी ते ऐकलं आणि वरुणरावांकडे बघितलं, आता ठीक आहे ना, अशा नजरेनं.

वरुणरावांनी घंटा रघुरामाच्या हातात दिली. डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"दूम."

तीस वर्षांत न वापरलेला आवाज, फाटका निघाला. मंडळातली एक मुलगी हसली. रघुरामाची घंटा थांबली. वेंकूबाई हसल्या नाहीत. वरुणरावांनी दुसरं दूम लावलं, खालचं, पण तिथवर त्यांचा आवाज नीट पोचेना.

काकांचे शब्द अडखळले, मग थांबले. त्यांनी सवयीनं पंचा तोंडाशी नेला, क्षणभर धरला आणि खांद्यावर टाकला. पुतण्याला गाठता येत नव्हता तो खालचा सूर त्यांनी धरला आणि आरती संपेपर्यंत सोडला नाही.