काळी चौकट

इरा, तुझ्या नाचाचा व्हिडिओ आज ब्राउझरमध्ये उघडला. घुंगरू वाजले, "आजी, बघतेस ना?" हेही ऐकू आलं, चौकट मात्र काळीच राहिली. शेजारची शैला संगणक शिकवते. ती म्हणाली, "काकू, तुमचा ब्राउझर खुला, फुकटचा आहे. हा व्हिडिओ ज्या पद्धतीने साठवलाय, ती उलगडायचा परवाना त्याच्याकडे नाही."

"नाच नातीचा, फोन तिच्या आईचा, डोळे माझे. परवाना कशाला?"

"ती पद्धत कंपन्यांच्या मालकीची आहे ना, परवान्याचे पैसे घेतात त्या."

उभ्या आयुष्यात पाकीट बनवणाऱ्याने मला पत्र वाचायला आडकाठी केली नव्हती. शैलाने परवाना असलेला दुसरा प्रोग्राम टाकला आणि तू दिसलीस, गिरकी घेताना ओठ चावणारी. डोळे भरून पाहिलं. तरी राग उतरलेला नाही. तुला बघायला मला तिऱ्हाइताची परवानगी लागली.