पुलाच्या अलीकडचं कॉलेज

आर्व्हिड निस्कानेन काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा. मिशिगनच्या उत्तर टोकाला त्याने सव्वीस हिवाळे हेच काम केलं. माणूस मितभाषी, त्याच्या वाटचंही बायको डोरीन बोलायची. एकुलती एक मुलगी आयली. तिला पूल बांधणारी इंजिनियर व्हायचं होतं.

मार्चमध्ये तिला दोन सरकारी कॉलेजांची पत्रं आली. एक घरापासून वीस मिनिटांवर, वर्षाला नऊ हजार डॉलर. दुसरं मोठं विद्यापीठ, सरोवरांवरचा मोठा पूल ओलांडून दक्षिणेला सात तासांवर. फीमधली सवलत धरूनही सव्वीस हजार. आयलीने दोन्हीकडच्या पदवीधरांचे पगार शोधून काढले. इथले वर्षाला सेहेचाळीस हजारांवर, तिथले त्र्याहत्तर हजारांवर.

"म्हणजे लांबचंच फायद्याचं," आर्व्हिड म्हणाला.

"कर्ज फिटलं तर. आणि इथल्या पदवीचं नाव इंजिनियरिंग टेक्नॉलॉजी आहे, बाबा. ते तेच नाही म्हणतात."

"फरक काय?"

"मलाही नीट कळत नाहीये."

आर्व्हिडने बर्फाच्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये काउंटीच्या इंजिनियरला, रसेलला, विचारलं. "पोरगी हुशार असली की कुठूनही वर येते रे," रसेल म्हणाला. "पण तिथे कंपन्या दारात येतात. इथे आपण त्यांच्या दारात जायचं." यातून काय घ्यावं, ते आर्व्हिडला कळेना.

डोरीनने विद्यापीठाला सवलत वाढवण्याची विनंती केली. उत्तर नम्र होतं. सवलत ठरली होती दोन वर्षांपूर्वीच्या कमाईवर, आणि त्या हिवाळ्यात बर्फ उदंड पडला होता. आर्व्हिडने आठवड्याला सत्तर-सत्तर तास गाडी हाकली होती, आयलीच्या शिक्षणासाठीच. त्या जादा कमाईनेच तिची सवलत कापली.

कॉलेजला कळवायच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, जेवताना, आयलीने काटा खाली ठेवला.

"बाबा, तू सांग. तू म्हणशील तसं करते."

आर्व्हिडच्या तोंडाशी 'जा' आलं होतं. पण जा म्हणायचं, तर कशाच्या जोरावर?

"तुझं तू ठरव," तो म्हणाला.

तिने काटा पुन्हा उचलला. "मग इथलंच," म्हणाली. पोरगी घरात राहणार म्हणून त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. पण मोठ्या कंपन्यांना मोठ्या विद्यापीठातली नुसती इंजिनियरिंगची पदवी हवी होती, आणि इंजिनियरच्या परवान्याची वाटही तिच्यासाठी लांबची निघाली. शेवटी काउंटीतच पूल तपासायची नोकरी मिळाली. पुलाखाली उतरून भेगा मोजायच्या आयलीने, अहवाल लिहायचा आयलीने, सही करायची तिच्याहून वर्षाने लहान, त्याच मोठ्या विद्यापीठातून आलेल्या कॅलेबने. पोरगा गुणी होता. "तुमची मुलगी नसती तर माझं काही खरं नव्हतं," असं तो आर्व्हिडला भर गॅरेजमध्ये सांगायचा. आर्व्हिड पाना उचलून गाडीकडे वळायचा.

एकदा दोघं एकाच गाडीतून घरी येत होते.

"तेव्हा मी जा म्हणायला हवं होतं," आर्व्हिड म्हणाला.

"म्हणाला असतास तर गेले असते." मग ती जरा हसली. "आणि कर्जात बुडाले असते, तर तुझ्याच नावाने खडे फोडले असते."

"आता ती पदवी घेतली तर?"

"दोन वर्षं. नोकरी सोडून."

"खर्च?"

तिने आकडा सांगितला, तेव्हाच्यापेक्षाही मोठा. आर्व्हिडने काचेवरचा वायपर सुरू केला. मग यंदाच्या हिवाळ्यात जादा तास किती मिळतील, ते मनात मोजू लागला.