टॅपेटचा आवाज

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, दारावरची पाटी काहून बदलली?" मी विषय बदलला. तुमचा बाबा शेजारी बसला होता, आणि त्यालाही मी हे कधी सांगितलेलं नाही. आता लिहूनच देते. बोलताना मी मधलं गिळून टाकते.

रविवारची सकाळ होती. तुमच्या आजोबांच्या मोटरसायकलचे टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हवरची फट, बघत मी पार्किंगमध्ये पाटावर बसले होते. इंजिन पूर्ण थंड लागतं, म्हणून सकाळीच. झाकण काढायचं, व्हॉल्व्ह पूर्ण मिटेल तिथवर इंजिन फिरवायचं, आणि वरच्या फटीत फिलर गेजचं कागदाहून पातळ पोलादी पातं सरकवायचं. ते किंचित अडत सरकलं, की फट बरोबर.

वरच्या मजल्यावरचे साहेब खाली आले. बँकेत आहेत, वर्षापूर्वी पुण्याहून इथे जबलपूरला बदली होऊन आले. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी. त्यांची इंग्रजी पत्रं मीच तपासून द्यायचे.

"अरे वा, मॅडम! हे कुठे शिकलात?"

"वडिलांकडून. इथल्याच कारखान्यात फिटर होते."

"अच्छा. मूळचे कुठले? आडनाव काय तुमचं?"

दारावरच्या पाटीवर माझी नुसती आद्याक्षरं होती, आणि एम.ए. (इंग्रजी). मी आडनाव सांगितलं.

"नाही हो, आम्ही असलं काही मानत नाही."

मी काहीच विचारलं नव्हतं.

बुधवारी त्यांची बायको आली. बिल्डिंगमधल्या मराठी घरांचं एकत्र जेवण ठरलं होतं, पुरणपोळ्या माझ्याकडे होत्या. "काकू, पुरणाचं राहू द्या हं. तुमचे हात दुखतात ना? बाहेरून मागवतो आम्ही."

माझे हात दुखत नाहीत.

त्याच संध्याकाळी जिन्यात साहेब भेटले. "मॅडम, माझ्याही गाडीचं टॅपेट वाजतंय. रविवारी बघाल? तुमच्या लोकांच्या हातातच असतं ते."

हात गाडीला चालतात. पुरणाला नाही.

आता गिळलेलं सांगते. आपण महार. बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झालो. जबलपूरच्या हिंदी लोकांना मराठी म्हणजे नुसता मराठी, आमच्या आडनावावरून त्यांना काही मोजता येत नव्हतं. त्या आडोशाला मी चाळीस वर्षं राहिले. तुमच्या आजोबांनी नोकरीत आडनाव गाळलं. तुमच्या पासपोर्टवर म्हणूनच आडनावाच्या जागी त्यांचं पहिलं नाव आहे. आणि मी? मी शिकवायचे त्या कॉलेजच्या क्वार्टरवर माझे वडील यायचे, दारातूनच मोठ्यानं "जय भीम" म्हणायचे. एकदा मी म्हटलं, "बाबा, दारात नका म्हणू ना. लोक ऐकतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या खेपेला दारात म्हणाले, "नमस्ते." मरेपर्यंत नमस्तेच म्हणाले.

याच बाबांनी मला टॅपेट शिकवलं होतं. मी म्हटलं होतं, आवाज येतो तर आवळून टाकू. ते हसले होते. "आवाज करून राहिली ना? मंग भेव नाही. जास्त आवळली का चूप होते. अन् चूप होऊन आतल्या आत जळते." खरंच तसं असतं. फट उरली नाही, की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, आणि त्याची कड जळत जाते. बाहेर काही ऐकू येत नाही. गाडी छान चालली आहे असं वाटतं.

त्या बुधवारी जिन्यात मला ते "नमस्ते" ऐकू आलं. बाबांना मीच आवळलं होतं.

रविवारी साहेबांनी गाडी माझ्या गाडीशेजारी लावली. सीटवर फडकंही ठेवलं. तीनचार घरांतली माणसं खाली होती.

मी म्हटलं, "बघते. पण आधी वहिनींना घेऊन माझ्याकडे पुरणपोळी खायला या. केलीय."

"आज... उपास आहे."

"रविवारी?"

कोणीतरी खोकलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय."

"माझ्या हातचं पोटात जात नसेल, तर माझा हात गाडीलाही लागणार नाही. गाडी उचला." मग मी माझं पूर्ण नाव घेतलं. आडनावासकट. मोठ्यानं. आवाज फाटला.

वॉचमन धावत आला. "मैडम, रहने दीजिए न, आवाज़ ऊपर तक जा रही है।"

"जाने दो, भैया."

त्यांनी गाडी ढकलत नेली. जेवणाला मला बोलावलं नाही. पत्रं तपासायला येत नाहीत. जिन्यात दोघं मान वळवून जातात. वळवू देत.

दुसऱ्या दिवशी नेपियर टाउनमधल्या पाटीवाल्याकडे जाऊन पाटी करून आणली. पूर्ण नाव, पूर्ण आडनाव, आणि खाली 'जय भीम'. यापुढे कोणी आडनाव विचारेल याची वाट मी बघणार नाही. तुम्ही तुमच्या कागदांवर काय लिहायचं, ते तुम्ही ठरवा. पण माहीत नव्हतं असं म्हणू नका.

बाबांचं फिलर गेज माझ्या टेबलाच्या खणात आहे. एक पातं मोडलंय. बाकीची शाबूत आहेत, आणि आडनावही.