आधी येशूकडे
स्पिरिटचा वास आला की नाशिकच्या इस्पितळात मी नर्सिंग शिकत होते तेव्हाची एक सकाळ आठवते. हरसूलकडून आलेल्या एका म्हाताऱ्याचा पाय चिघळला होता आणि तो कुणाला हात लावू देत नव्हता. आमच्या ख्रिस्ती सिस्टर पट्टी सोडायला वाकल्या, तशी त्याने दुसऱ्या पायाने लाथ मारली आणि त्यांचा ओठ फुटला. त्या क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या, मग रक्त पुसून म्हणाल्या, "बाबा, लय दुखतंय ना? हळू करते." तो त्यांच्याकडे बघत राहिला आणि त्यानेच पाय पुढे केला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "सिस्टर, राग नाही आला?" "आला ना. म्हणून आधी येशूकडे बघितलं, मग बाबांकडे." आज वॉर्ड माझ्या हाताखाली आहे, पण राग आला की मला अजून आधी येशू नाही, पेशंटच दिसतो.